घराबाहेर पडलं की लगेच घाट: गार इंजिन, चढ आणि ऑइलचा नंबर

समर्थमंदिर_सातारा

नमस्कार मंडळी. सातारला समर्थ मंदिर भागात राहतो. बायको कासच्या वाटेवरच्या एका गावात शिक्षिका आहे, तिला सकाळी पावणेसातला मी गाडीने सोडून येतो. गल्लीतून बाहेर पडलो की चार-पाच मिनिटांत यवतेश्वरचा घाट लागतो. म्हणजे रात्रभर उभं असलेलं इंजिन जेमतेम जागं होतंय तोवर चढ सुरू. डिसेंबर-जानेवारीत हे जास्त जाणवतं. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुंथते आणि माझा जीव वरखाली होतो.

गाडी २०२२ ची, १.२ लिटर पेट्रोल, टर्बो नाही. ४१ हजार किलोमीटर झालेत. वॉरंटी संपली म्हणून या वेळी ओळखीच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला टाकायची आहे. गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० ऑइल लिहिलंय. मिस्त्री म्हणाले, "हे पाण्यासारखं पातळ ऑइल बर्फाच्या देशातलं. आपल्याकडे एप्रिलमध्ये डांबर वितळतं. तुमची गाडी रोज घाट चढते, २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन गार राहील." माणूस अनुभवी आहे आणि पैशासाठी बोलत नाही, कारण जाड ऑइल उलट स्वस्त पडतं.

दुसरा प्रश्न गरम करण्याचा. आमच्या वडिलांकडे पद्मिनी होती. पहाटे गावाला जायचं असलं की ते चोक ओढून गाडी वाड्याच्या बोळात चालू करून ठेवायचे आणि आई चहा करायची. चहा पिऊन होईपर्यंत दहा मिनिटं गाडी घुरघुरत असायची. मीही तेच करत आलोय. पण आता मुलगी म्हणते, बाबा, एवढा वेळ उभी ठेवून नुकसानच होतं. कुणाचं ऐकू?

मिरजेचा_मिस्त्री

दादा, बत्तीस वर्षं गाड्या उघडतोय, आधी पद्मिनीबद्दल सांगतो. वडील करायचे ते बरोबरच होतं, त्या गाडीसाठी. कार्बोरेटरला इंजिन गार आहे का गरम हे कळत नाही. गार हवेत पेट्रोल नीट उडत नाही, म्हणून चोक ओढून मिश्रण घट्ट करायचं आणि गाडी जरा तापली की चोक आत ढकलायचा. तेवढं न करता निघालं तर चौकात झटके देऊन बंद पडायची. आता इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर पाणी किती गरम आहे ते बघतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. सेल्फ मारल्यापासून गाडी चालायला तयार.

दहा मिनिटं उभी ठेवल्यावर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. गार इंजिनात पेट्रोल जास्त जातं. ते सगळं जळत नाही, थोडं बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या, भिंतीवरून खाली उतरून चेंबरातल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातल्या) ऑइलमध्ये मिसळतं. भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुतला जातो, पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात. आणि उभ्या गाडीत इंजिनावर लोड नसतो म्हणून ते तापतंसुद्धा हळूहळू. म्हणजे नुकसान होणारा गार वेळ आपणच लांबवतो. इंजिन लवकर तापवायचं असेल तर गाडी हळू चालवायची.

तुमच्या ऑइलचं उत्तर नंतर देतो. आधी पुस्तक उघडा आणि ०डब्ल्यू-२० शिवाय दुसरा कुठला नंबर दिलाय का ते बघून इथं लिहा. बऱ्याच पुस्तकांत बाहेरच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन नंबरांचा तक्ता असतो.

कृष्णाकाठ

मिस्त्रींशी पूर्ण सहमत. मी वालचंदला मेकॅनिकल शिकलो, नंतर बरीच वर्षं वंगणाच्या कामात काढली. नंबरांबद्दल आपल्याकडे जो गैरसमज आहे त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज चांगल्या चांगल्या कारागिरांच्या मनात पक्का बसलेला आहे.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यातला. ०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३५ अंशांना घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १५डब्ल्यूची उणे २० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की पेपरात फोटो येतात, पण तिथंही ही वेळ येत नाही. त्यामुळे "हे बर्फाच्या देशातलं" असं तुमच्या गॅरेजातल्या मिस्त्रींना वाटणं साहजिक आहे.

मागचा आकडा मात्र हवेच्या उष्णतेचा नव्हे. ते ऑइल १०० अंशांना किती घट्ट आहे, एवढंच तो सांगतो. सेंटीस्टोक्स हे घट्टपणा मोजायचं माप. २० चं ऑइल १०० अंशांना ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक्समध्ये बसतं, ३० चं ९.३ ते १२.५ मध्ये, ४० चं १२.५ ते १६.३ मध्ये आणि ५० चं १६.३ ते २१.९ मध्ये. हे १०० अंश सांगलीतल्या मे महिन्याचे नाहीत, चालत्या इंजिनाच्या पोटातले आहेत. थर्मोस्टॅट पाणी ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. बाहेर सातारची १२ अंशांची पहाट असो की आटपाडीतली ४० अंशांची दुपार, तापलेल्या इंजिनातलं ऑइल जवळपास एकाच पट्ट्यात असतं. डांबर वितळण्याचा आणि ऑइलच्या नंबराचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा फार कमी आहे.

आता खरी गोष्ट. ०डब्ल्यू-२० हे ४० अंशांना साधारण ४० ते ४५ सेंटीस्टोक्स असतं आणि १०० अंशांना आठच्या आसपास. म्हणजे ज्याला आपण पाण्यासारखं म्हणतो तेच ऑइल ४० अंशांना स्वतःच्या गरम रूपापेक्षा पाचपट घट्ट असतं, आणि १२ अंशांना त्याहून कितीतरी जास्त. गार इंजिनात पातळ ऑइलसुद्धा जाडच असतं. २०डब्ल्यू-५० तर ४० अंशांनाच दीडशेच्या पुढे. थंडीतल्या पहाटे ते यवतेश्वरच्या पायथ्याशी अजून काकवीसारखं असणार आणि तुम्ही त्याच्यावर चढ चढवणार. तुमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुंथते म्हणता, ती आणखी कुंथेल.

इंजिन गार राहील हेही तसं नाही. घट्ट ऑइल ढवळायला जास्त ताकद लागते, त्यातून उष्णताच निघते. पंपावर दाब जास्त दिसतो, पण ठराविक दाबानंतर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल चेंबरात परत जातं. मीटरवर दाब दिसतो, बेअरिंगमधून मात्र तेवढं ऑइल वाहत नाही, आणि बेअरिंगची उष्णता वाहून नेतं ते वाहणारं ऑइल. शिवाय आजच्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, तिची भोकं आणि जाळ्या बारीक असतात, घट्ट ऑइल त्यातून लवकर सरकत नाही.

माणदेशी_बोलेरो

सगळं पटलं, पण माझा अनुभव वेगळा. म्हसवडला असतो. जुनी डिझेल बोलेरो, तीन लाखांच्या वर चाललीय, जन्मापासून १५डब्ल्यू-४०, रोज सकाळी पाच मिनिटं उभ्यानं गरम. इंजिन अजून उघडलेलं नाही. मग जाड ऑइल वाईट कसं?

कृष्णाकाठ

दादा, वाईट नाहीच. तुमच्या गाडीचं इंजिन त्याच ऑइलसाठी बनवलंय. जुन्या धाटणीच्या डिझेलमध्ये दाब मोठा, काजळी भरपूर, बेअरिंगमधल्या फटी त्या हिशोबाच्या. त्यात कुणी ०डब्ल्यू-२० ओतलं तर मी तितक्याच कळकळीनं नको म्हणेन. ज्या त्या इंजिनाची फट आणि ज्याचं त्याचं ऑइल.

पाच मिनिटांबद्दल एवढंच, की डिझेलमध्ये स्प्रिंगच्या चित्राचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा, मिनिटभरात निघा. डिझेल उभ्यानं तापायला पेट्रोलपेक्षाही जास्त वेळ घेतं. तीन लाख झाले ते तुम्ही वेळेवर ऑइल बदलत आलात म्हणून, असं मला वाटतं. बदलत असणारच.

माणदेशी_बोलेरो

वेळेवर बदलतो, त्यात कधी चुकलो नाही. एक दिवस तुमचं ऐकून बघतो.

पाचगणी_ते_वाई

मी वीस वर्षं टॅक्सी चालवतो. समर्थमंदिर भाऊंची अडचण गार इंजिनानं चढायची, आमची उलटी. पाचगणीहून पहाटे पाहुण्यांना पुण्याला न्यायचं म्हणजे गाडी चालू केली की थेट पसरणी घाटाचा उतार. उतारावर पाय उचलला, गाडी गिअरमध्ये असली की कॉम्प्युटर पेट्रोल-डिझेल बंदच करतो. जळतच नाही तर तापणार कशानं? वाईत पोचलो तरी तापमानाचा काटा वर आलेला नसतो. नवीन पोरं अशा वेळी वाईतून निघाल्या निघाल्या सुरूरला हायवे गाठायला ताणून धरतात. सगळा घाट उतरलोय म्हणजे गाडी तापली असेल, असं त्यांना वाटतं. मी वाईपासून पुढे चार-पाच किलोमीटर सावकाशच नेतो.

उतारावर न्यूट्रल मारून इंजिन तापवायचा विचारही कुणी करू नका. ब्रेक तापून सुटले तर इंजिनाचं काय घेऊन बसलात. दुसरा-तिसरा गिअर, बस.

टर्बोवाल्यांसाठी आणखी एक. भर दुपारी सात माणसं घेऊन घाट चढून वर आलं, की टेबल लँडच्या पार्किंगला गाडी थांबवून झटकन किल्ली काढू नका. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याला ऑइल इंजिनाकडूनच मिळतं. इंजिन बंद, ऑइल बंद. तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल करपून कोळसा होतो. शेवटचा अर्धा किलोमीटर हळू आणा, मिनिटभर उभी राहू द्या. मग बंद करा.

समर्थमंदिर_सातारा

मिस्त्री, पुस्तक बघितलं. फक्त ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दिलंय. शिवाय "एपीआय एसएन किंवा त्यावरचं" असं लिहिलंय. हे काय?

मिरजेचा_मिस्त्री

मग प्रश्नच मिटला. दोन्हीपैकी एक. मी तुमच्या जागी असतो तर ०डब्ल्यू-२० च टाकलं असतं, कारण तुमचा त्रास गार चढाचा. सगळी गाडी भरून उन्हाळ्यात लांबचा प्रवास असेल, किंवा दीड-दोन लाख किलोमीटर होऊन गाडी ऑइल प्यायला लागली, तर ५डब्ल्यू-३० ला जाऊ. २०डब्ल्यू-५० पुस्तकात नाही, विषय बंद.

एपीआय म्हणजे ऑइलची इयत्ता. एस ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोलची, सी ने सुरू होणारी डिझेलची. पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नवं. एसएन नंतर एसपी आलं, २०२० मध्ये. एसपी घेतलं तर एसएनच्या गाडीला चालतं, उलटं चालत नाही. डब्यावर गोल शिक्का असतो, त्यात मधोमध नंबर आणि वर ही अक्षरं. पुढच्या बाजूचं मोठं चित्र बघू नका, मागचा शिक्का वाचा.

वाईकरीण

माझी गोष्ट लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आमची डिझेल गाडी बीएस-६ आहे, २०२१ ची. रोज घर ते दुकान, दुकान ते घर, एकूण चार किलोमीटर. एकदा एका गॅरेजनं सांगितलं की डिझेल म्हणजे १५डब्ल्यू-४०, आणि ट्रकचं ऑइल घातलं. मला त्यातलं कळत नव्हतं, मी हो म्हटलं. सहा-सात महिन्यांनी डीपीएफचा दिवा लागायला लागला. हायवेला नेली की विझायचा, परत लागायचा. एकदा डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल खुणेच्या वर. मी हैराण, ऑइल कमी होतं हे ऐकलं होतं, वाढलं कसं?

शेवटी दुसरीकडे नेली तेव्हा उलगडा झाला. धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो डीपीएफ. काजळी साठली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून तो फिल्टर तापवते आणि काजळी जाळून टाकते. माझी गाडी दोन किलोमीटरमध्ये बंद व्हायची, जाळणं अर्धवट राहायचं आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरायचं. म्हणून पातळी वाढली. आणि ऑइलमधल्या काही रसायनांची राख होते, ती राख त्या फिल्टरमध्ये कायमची बसते, काजळीसारखी जळून जात नाही. त्यासाठी बीएस-६ डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं. आमच्या पुस्तकात "एसीईए सी३" असं, म्हणजे कमी राखेच्या ऑइलचा दर्जा, स्पष्ट छापलेलं होतं. वाचलं मात्र नव्हतं. फिल्टर साफ करून घ्यायला मोठा खर्च आला.

आता दर पंधरा दिवसांनी मी स्वतः भुईंजपर्यंत नेऊन आणते, एका वेगात, मध्ये न थांबता. डिपस्टिक महिन्यातून एकदा स्वतः बघते. बायकांनी गाडीचं बॉनेट उघडायला शिकावं असं आता मनापासून वाटतं, त्यात अवघड काही नाही. सपाट जागा, गाडी बंद करून पाचेक मिनिटं, काढली, पुसली, परत घातली, काढली. दोन खुणांच्या मध्ये हवं.

कृष्णाकाठ

ताई, फार चांगलं लिहिलंत. "दोन किलोमीटर तर चालते, ऑइल कशाला खराब होईल" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे वाचायला द्यायला हवं. पेट्रोल गाडीतही तसंच घडतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक धुरातून जातं, पण गार इंजिनात थोडं रिंगांच्या बाजूनं खाली येऊन साचतं. इंजिन नीट तापलं की ते उडून जातं. रोज तापायच्या आतच बंद केलं की ते ऑइलमध्ये राहतं. थंडीत आणि पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाच्या आत पिवळट सायीसारखा थर दिसतो तो हाच. लगेच हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेलं असं समजू नका. आधी गाडी तासभर चालवून आणा, पुसून घ्या, परत येतो का बघा. परत आला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर मात्र दाखवा.

अशा गाड्यांना पुस्तकात "कठीण वापर" म्हणून वेगळी मुदत असते. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलं असेल तर छोट्या फेऱ्यावाल्यांनी सहा महिन्यांना बदलावं.

हळदपेठ_सांगली

धाग्याशी थोडं संबंधित. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं, गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर काकांनी चालू होते का बघू म्हणून किल्ली फिरवली आणि इंजिनातून धाडकन आवाज आला. कनेक्टिंग रॉड वाकला होता. दर पावसाळ्यात नदीची पातळी वाढली की मला ते आठवतं.

मिरजेचा_मिस्त्री

त्या वर्षी आमच्याकडे अशा गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यांना हात जोडून सांगतो, बुडालेली गाडी चालू करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असलं की पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, रॉडच वाकतो. बॅटरीची वायर काढा आणि गाडी टोचन करून आणा. आम्ही प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढतो, चेंबरचा नट खोलतो. आधी पाणी येतं, मागून चहासारखं झालेलं ऑइल. नवं ऑइल-फिल्टर घालून थोडं चालवायचं, परत बदलायचं. दोन-तीनदा बदललं की मग स्वच्छ येतं. ऑइलचा खर्च इंजिनापेक्षा केव्हाही कमी.

बुलेट_विटा

एक छोटा प्रश्न. गाडीतून उरलेलं अर्धा लिटर ऑइल बुलेटमध्ये घातलं तर?

मिरजेचा_मिस्त्री

नको. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, क्लच घसरायला लागेल. डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए२" लिहिलेलं असेल तेच घाला. उरलेलं ऑइल झाकण घट्ट लावून ठेवा, कारमध्ये पातळी कमी झाली की भर घालायला येईल.

आणि रिकामा डबा टाकताना खिळ्यानं भोकं पाडून टाका. हेच डबे गोळा होऊन त्यात कसलंतरी ऑइल भरून परत विकलं जातं. झाकणाखालचं सील तुमच्या डोळ्यांसमोर फुटलं पाहिजे.

कृष्णाकाठ

त्यात एक भर. काढलेलं जळकं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू देऊ नका. लिटरभर ऑइल लाखो लिटर पाणी नासवू शकतं, आणि आपल्याकडचं गटार शेवटी कृष्णेलाच मिळतं. वाळवीसाठी खांबांना फासायची जुनी पद्धत आहे, तीही विहिरीजवळ नको. गॅरेजमध्ये पिंप असतं, परवाना असलेले लोक ते घेऊन जातात. तुमच्या गॅरेजला एकदा विचारा.

समर्थमंदिर_सातारा

मंडळी, तीन आठवडे झाले, सांगायला आलो. आमच्या गॅरेजातल्या मिस्त्रींना हा धागा फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, पुस्तकात आहे तर तेच टाकू, मी सवयीनं बोललो. ०डब्ल्यू-२०, एसपी. सील मी फोडलं, डबा त्यांनी भोसकला.

आता सकाळी बायको शाल-पिशवी घेऊन बसेपर्यंत गाडी चालू, जेमतेम अर्धा मिनिट. फेऱ्यांचा काटा सुरुवातीला १,४०० च्या आसपास असतो, तो हजाराकडे उतरला की निघतो. घाटाला लागलो की आधी मी दुसऱ्या-तिसऱ्यात कमी फेऱ्यांवर ओढायचो, त्यालाच जपणं समजत होतो. आता दुसऱ्यात दोन-अडीच हजार फेरे ठेवतो, रेस कमी देतो, मागून कुणी हॉर्न दिला तर बाजूला घेऊन जाऊ देतो. कुंथणं थांबलंय. इंजिन गार असल्याचा निळा दिवा पहिल्या दोन वळणांतच विझतो, पण मी वरचं पठार लागेपर्यंत पाय आवरता ठेवतो.

बाबांना सांगितलं. ते ऐंशीचे आहेत. त्यांनी विचारलं, मग चहा कधी प्यायचा? आता निघण्याआधी बसून पितो, गाडी बंद असते.

मिरजेचा_मिस्त्री

बेस्ट. कमी फेऱ्यांवर ओढणं थांबवलंत हे फार चांगलं केलंत, मी ते विचारायचंच विसरलो होतो. पाच हजार झाले की डिपस्टिक बघून पातळी इथं कळवा.